अनुभवाचा दाखला

रहिमतपूर
१२ जुलै १९९६

चि. महेंद्र यास हरणाबाईचा जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र नेहमीप्रमाणे शेजारच्या रसूलभाई शिंप्यानं लिहिलंय. मी बोलते, तो लिहितो, आणि मध्ये मध्ये "आवं आज्जी, जरा दमानं" म्हणतो. पंचाहत्तरी उलटल्यावर आणखी किती दमानं घ्यायचं?

कारण असं, की काल रसूलभाईकडं कापडाचा गठ्ठा आला, त्याला गुंडाळलेल्या पेपरात तुझ्या कारखान्याचं नाव निघालं. त्यानं वाचून दाखवलं ते असं: "कुपवाड येथील कारखान्यास टायपिस्ट पाहिजे. स्त्री उमेदवार, वय पंचवीस ते तेहतीस, अविवाहित अथवा विधवा. गृहकृत्याची आवड असल्यास प्राधान्य. फोटोसह समक्ष भेटा."

महेंद्रा, मी अडाणी आहे, आंधळी नाही. तुझ्या कारखान्यात दोन लेथ, चार कामगार. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक खुर्ची आणि त्या खुर्चीवर तू. टायपिस्ट काय तुझ्या मांडीवर बसणार? (रसूलभाई म्हणाला, हे लिहीत न्हाई. मी म्हणाले, मग पुढचंही सांगत नाही. तेव्हा लिहिलं.) आणि पंपाचे शाफ्ट कातणाऱ्याच्या पत्रांना गृहकृत्याची आवड कशाला लागते?

रत्नमाला जाऊन तीन वर्षं झाली. मी तुला कधी एकटा राहा म्हणाले नाही. उलट तीन ठिकाणं सांगितली, तिन्हींकडून तू पोहे खाऊन परत आलास. आता हे टायपिस्टचं काय काढलंस ते सरळ लिही. तिरकं लिहिलंस तरी मला कळतं, फक्त रसूलभाईला दोनदा वाचावं लागतं.

हरणाबाई (अंगठा)


कुपवाड
२१ जुलै १९९६

आज्जे, जयभीम.

तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही. नोकरी नाही. बायको शोधतोय.

तू सांगितलेल्या तिन्ही ठिकाणी गेलो. पोरगी ट्रे घेऊन येते, मान खाली. तिचा मामा बोलतो, चुलता बोलतो, मधेच चुलती सांगते की सरबत तिनंच केलंय. मी अडतीस वर्षांचा बिजवर. माझ्यासारख्याला बघून तिच्या मनात काय आलं हे कळायला मार्गच नाही. मिलिंदला हे सांगितलं. तुला माहीतच आहे, त्याचा सांगलीत फोटो स्टुडिओ, लग्नाच्या पोरींचे फोटो काढण्यात त्याचा जन्म गेला. तो म्हणाला, "गड्या, बघायला जाऊ नगंस. मुलाखत घे. नोकरीच्या मुलाखतीत पोरी तोंड उघडत्यात."

बावीस जणी आल्या. तासगाव, इस्लामपूर, एक तर जतहून पहाटेच्या एसटीनं. मिलिंद शेजारी बसून "फॉर्मसाठी" म्हणत फोटो काढत होता. मी विचारलं, मोकळ्या वेळात काय करता, राग आला तर काय करता. बोलल्या, खरंच. शेवटी मिलिंद प्रत्येकीला म्हणायचा, "जरा दारापर्यंत चालून दाखवा." मी त्याला विचारलं, हे कशाला? तर म्हणाला, बघण्याच्या कार्यक्रमात बघत्यात, मग इथं का नको? मी पुढच्या बाईला आत बोलावलं.

सतराव्या नंबरला लोणंदची एक आली. स्वप्ना खरात, वय एकतीस, वडील नाहीत. आधी तिथल्या एका डाळीच्या व्यापाऱ्याकडे लिहायला होती. दारापर्यंत चालली, वळली आणि मला म्हणाली, "आता तुम्ही चालून दाखवता का?"

मी आणि मिलिंद हसलो. मग उठलो आणि चाललो. आज्जे, मला एवढं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. तिला ठेवून घेतलंय. टायपरायटर जुन्या बाजारातून आणला. एक तारखेपासून येईल.

तुझा महेंद्र


रहिमतपूर
२ ऑगस्ट १९९६

चि. महेंद्र यास आशीर्वाद.

पत्र वाचताना रसूलभाई हसला. पुढं हसायचं थांबला, आणि बावीस जणींपाशी आल्यावर त्यानं चष्मा काढून पुसला. त्याची पोरगी अर्फा नोकरीसाठी साताऱ्याला अशीच दोन हेलपाटे घालून आली आहे.

जतची बाई पहाटे उठली असेल. तिनं इस्त्रीची साडी नेसली असेल, कुणाची तरी पर्स मागून आणली असेल. तिला काय सांगितलंस? "कळवतो" म्हणालास ना? ती रोज पोस्टमनची वाट बघत असेल. त्या एकवीस जणींना एकेक कार्ड टाक, की बाई, नोकरी नव्हती, आमचं चुकलं. मिलिंदनं काढलेले फोटो परत कर.

आणि ती सतरावी. तुला चालायला लावणारी बाई हुशार आहे, त्यात वाद नाही. पण महेंद्रा, तुम्ही दोघं हसलात असं लिहिलंयस. ती हसली का, ते लिहिलं नाहीस. तिला पहिल्या आठवड्यातच खरं सांग. खोट्या मुलाखतीतून खरी बायको आणायची म्हणजे आधी मधलं खोटं काढावं लागतं.

इथं ठीक. शेळी व्याली, दोन पिलं. एकाचं नाव मी टायपिस्ट ठेवलंय.

हरणाबाई (अंगठा)


कुपवाड
२४ नोव्हेंबर १९९६

आज्जे, जयभीम.

मधल्या तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही, रागावू नकोस. तुझी पत्रं कारखान्यावर येतात, आणि हल्ली टपाल स्वप्नाच बघते. तिनं फाईल केली आहे. इतकी नीट बाई मी पाहिली नाही. चार महिन्यांत एक खाडा नाही.

तिला खरं सांगितलं. तू म्हणालीस तसं पहिल्या आठवड्यात नाही, पण सांगितलं. ती म्हणाली, "हरकत नाही." एवढंच. मी तिला लग्नाचं विचारलं, तेव्हाही हेच. बारा जानेवारीला रविवारी सांगलीच्या विहारात करू. आपल्यात मुहूर्ताची भानगड नाही हे किती बरं. बाकीच्या जणींना कार्डं टाकायचं राहून गेलं.

रोज माझा डबा तीच आणते. झुणका-भाकरी. एकदा मला झुणका आवडतो म्हणालो, तेव्हापासून दोन्ही वेळचा झुणकाच. डाळ लोणंदहून तिच्या जुन्या मालकाच्या दुकानातून आणते, स्वतः दळून घेते. तुझ्यासाठीही पाच किलो पाठवलीय तिनं, टेम्पोवाला आणून देईल.

मिलिंदशी वाजलं. तो लोणंदला जाऊन चौकशी करून आला. म्हणतो, तिचा आधीचा मालक वर्षभर अंथरुणाला खिळलाय, पाय गेले. मी म्हणालो, आजारी माणसाचं खापर तिच्यावर का? इथं येऊ नकोस म्हणून सांगितलं त्याला.

माझे पायही जरा धरतात. पोटऱ्या ताठ होतात. सकाळी टाचा टेकत नाहीत, पंजावरच चालावं लागतं. गेल्या आठवड्यात पायरीवर गुडघ्यात गुडघा अडकून पडलो. लेथसमोर दिवसभर उभं राहण्याचा परिणाम असणार. स्वप्ना फार काळजी घेते. रोज कामगार गेले की खुर्चीवर बसते आणि म्हणते, "चला, दारापर्यंत चालून दाखवा." मी चालतो. ती बघते आणि वहीत लिहून ठेवते. डॉक्टरकडे लग्नानंतर जाऊ म्हणाली.

तुझा महेंद्र


रहिमतपूर
२ डिसेंबर १९९६

महेंद्रा,

आशीर्वाद मागाहून. आधी ऐक. आजपासून तिचा डबा खाऊ नकोस. खाल्ल्यासारखं कर, कागदात बांध, आणि डॉक्टरला दाखव.

काल डाळ आली. मला वाचता येत नाही, पण सुपात पडलेलं धान्य मला ओळखू येतं. हरभऱ्याच्या डाळीत निम्मी दुसरीच डाळ आहे. तळाला चार दाणे अख्खे निघाले. चपटे, एका बाजूला निमुळते, कुऱ्हाडीच्या पात्यासारखे. ही लाख आहे. आपल्याकडं पिकत नाही.

तुझ्या आज्यानं आणि मी कोयनेच्या धरणावर सात वर्षं पाट्या वाहिल्या, ते तुला ठाऊक आहे. तिथं भंडाऱ्याकडची काही माणसं कामाला होती. त्यांतली तिघंचौघं पंजावर चालायची, गुडघ्याला गुडघा घासत, दोन्ही हातांत काठ्या घेऊन. त्यांच्या बायका सांगायच्या, दुष्काळात दुसरं काही नव्हतं, तीन-चार महिने लाखच खाल्ली, आणि एक दिवस पाय गेले. एखाद्या दिवशी खाल्ली तर काही होत नाही. रोज खाल्ली की होतं. तू ऑगस्टपासून रोज खातोस, दोन्ही वेळा.

तिला कदाचित माहीत नसेल, असं रसूलभाई म्हणतो. तो भला माणूस आहे. ज्या मालकाच्या दुकानातली डाळ, त्याचेही पाय गेलेत, आणि ही वहीत लिहून ठेवते. माहीत नसलेलं माणूस काय लिहील?

तुझ्या हातचं उत्तर पाठव. नाही आलं तर मी समजायचं ते समजेन.

हरणाबाई (अंगठा)


(टंकलिखित)
कुपवाड
९ डिसेंबर १९९६

आदरणीय आजीबाई यांस सप्रेम जयभीम.

आपले पत्र पावले. हात दुखत असल्याने टाईप करून पाठवीत आहे. डाळीबाबत आपला गैरसमज झालेला दिसतो. डाळ चांगल्या प्रतीची असून प्रकृतीस पौष्टिक आहे. डॉक्टरांना दाखवले. अशक्तपणा आहे, विश्रांती व घरचा आहार घ्यावा असे त्यांनी सांगितले.

आपले वय पाहता लग्नाकरिता येण्याची दगदग करू नये. आम्ही उभयता नंतर भेटावयास येऊ.

कळावे,
महेंद्र


रहिमतपूर
१४ डिसेंबर १९९६

स्वप्ना, बाई,

पाकिटावर महेंद्रचं नाव आहे, पण फोडणार तू, वाचणार तू, तर बोलणंही तुझ्याशीच केलेलं बरं.

तुझं टायपिंग सुरेख असणार, रसूलभाईनं न अडखळता वाचलं. फक्त माझा नातू मला "आज्जे" म्हणतो. "आदरणीय आजीबाई" ऐकल्यावर मी मागं वळून बघितलं, कोण आलंय म्हणून. आणि त्याचा हात मोडला असता तरी त्यानं दुसऱ्या हातानं खरडलं असतं, टायपरायटरला तो हात लावत नाही. कॅल्क्युलेटरवर दोन आकडे दाबताना त्याला घाम फुटतो.

मी चिडलेली नाही. चिडायला माणूस समोर लागतं. पोलिसांत जाईन म्हणून धमकीही देत नाही, तिथं मला बाकावर बसवतील आणि चहा देतील. मला एवढंच समजून घ्यायचंय की तुला पाहिजे काय. त्यानं खोटी मुलाखत घेतली, त्याबद्दल मी त्याला ऑगस्टातच झापलंय. त्याचं चुकलं. पण चुकीला पाय घेतात हे मी या वयात पहिल्यांदाच बघते, म्हणून विचारते.

माझ्याशी खोटं बोलण्याची गरज नाही. मी कुणाला वाचून दाखवू शकत नाही.

उत्तर रजिस्टरनं पाठव. साधं टपाल पोस्टमन ओट्यावर टाकतो आणि शेळी खाते. तू सगळं नीट करणारी आहेस असं ऐकलंय. रजिस्टर असलं की मला अंगठा मारून घेता येतं, म्हणजे दोघींनाही खात्री.

हरणाबाई (अंगठा)


(टंकलिखित. सही नाही.)
१९ डिसेंबर १९९६

आजी,

आपण विचारलेत. आजपर्यंत कोणी विचारले नव्हते, म्हणून उत्तर देते.

मला अठराव्या वर्षापासून सव्वीस ठिकाणी दाखवले. सव्वीस वेळा मी दारापासून भिंतीपर्यंत आणि भिंतीपासून दारापर्यंत चालले. माझ्या चालण्यात कोणतीही खोट नाही. खोट सापडली नाही की ते पुन्हा चालायला सांगत. एके ठिकाणी पावले ओली करून फरशीवर उमटवायला लावली आणि मुलाच्या आत्याने वाकून पाहिली. नंतर सगळे "कळवतो" म्हणत. वडील पहिल्या वर्षी पोस्टमनला चहा देत. पाचव्या वर्षी त्यांनी दार उघडणे बंद केले.

लोणंदच्या शेठजींकडे मी नोकरीसाठी गेले. पहिल्याच दिवशी त्यांनी गोणीवर बसल्या बसल्या सांगितले, जरा चालून दाखव. पत्नी वारली होती. नोकरी नव्हती, हे मला महिन्याने समजले. त्यांच्या दुकानात बाहेरून भेसळीसाठी आणलेली लाख होती. तिने काय होते हे त्यांनीच हमालांना हसत हसत सांगितले होते. मी त्यांना वर्षभर जेवू घातले. आता ते खिडकीजवळ बसतात. मी जाते तेव्हा त्यांना म्हणते, चालून दाखवा. पूर्वी ते हसत असत.

कुपवाडला आत शिरतानाच मला समजले. चार कामगार, आणि टेबलावर नवी फुलदाणी. बाकीच्या एकवीस जणींना समजले नाही. एक तर बाहेर बसून अर्जातली एक ओळ पुन्हा पुन्हा पाठ करत होती.

आपला नातू चांगला माणूस आहे. मी चालायला सांगितले, तेव्हा तो उठला. इतर कोणी उठले नसते. म्हणूनच मी त्याच्याशी लग्न करणार आहे, शेठजींशी केले नाही. मी त्याचे सर्व करीन. न्हाऊ घालीन, जेवू घालीन, कारखाना बघेन. त्याची एकही गोष्ट राहणार नाही. चालू न शकणारा माणूस कोणाला बघायला जात नाही.

आपण मला आवडलात. आपली पत्रे मी फाईलमध्ये ठेवली आहेत.

लग्नास हरकत असल्यास कळवावे.


सांगली (मिलिंदच्या घरून)
२७ डिसेंबर १९९६

आज्जे,

हे माझं अक्षर आहे, वाकडं आलंय, कारण झोपून लिहितोय. रसूलभाई परवा परत येतील, त्यांच्याच हाती पाठवतोय, म्हणजे वाचणारेही तेच.

तुझं दोन तारखेचं पत्र मला मिळालंच नाही. चौदाचंही नाही. तू रसूलभाईला पंधरालाच गाडीत बसवलंस आणि म्हणालीस म्हणे, "रजिस्टर करायला बाईला स्वतः पोस्टात जावं लागेल. असलं पत्र ती कामगाराच्या हातात देणार न्हाई. रांगेत अर्धा तास तरी जाईल. तेवढ्यात पोराला उचल." ते चार दिवस गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर बसले. टपरीवाल्याच्या सदऱ्याची कॉलर उलटून दिली, दोन कामगारांच्या पँटी अल्टर केल्या. एकोणीस तारखेला अकरा वाजता ती पाकीट घेऊन बाहेर पडली, तसे आत आले.

मी त्यांना बघून आनंदानं उठायला गेलो, आणि उठता आलं नाही. आठ दिवस मी खुर्चीतूनच कारखाना बघत होतो, आज्जे. तुला कळवलंय असं ती म्हणायची. रसूलभाईंनी रुमालाच्या गाठीतून तू बांधून दिलेले ते चार दाणे काढून टेबलावर ठेवले. म्हणाले, "वळखतोस का?" मी नाही म्हणालो. मग त्यांनी डबा उघडला, वास घेतला आणि बंद केला. एवढंच. कामगारांनी मला उचलून टेम्पोत घातलं आणि मिलिंदकडं आणलं. मिलिंदनं दार उघडलं आणि सरळ गादी घालायला लागला. मला त्याचीच जास्त लाज वाटली.

डॉक्टरांनी दाणे बघितले, पाय बघितले. म्हणाले, वेळेत थांबलंय असं म्हणता येणार नाही, आणि उशीर झालाय असंही नाही. काठीवर चालाल. पूर्वीसारखं नाही.

पोलिसांत गेलो. फौजदार म्हणाला, "जेवण दिलं हा गुन्हा लिहू का? तिचं पत्र आलं तर बघू." आता तुझ्याकडं आलेलं तिचं पत्र अर्फानं वाचलं, त्यावर सही नाही असं तिनं कळवलं. ती कारखान्यावरून गेली आहे. टेबल आवरून, किल्ल्या खिळ्याला लावून. फाईल घेऊन गेली.

मला ती अजून वाईट वाटत नाही, आज्जे. याचं काय करू?

महेंद्र


रहिमतपूर
५ जानेवारी १९९७

चि. महेंद्र यास आशीर्वाद.

वाईट वाटत नाही तर वाटून घेऊ नकोस. एवढ्या घाईनं कुणाला वाईट ठरवायची गरज नाही, तिचं जेवण थांबलं एवढं पुरे.

तुला एक सांगायचं राहिलं. रत्नमालाला बघायला आपण गेलो, तेव्हा तू बाहेर मोटारसायकलपाशी होतास. आत मी होते. पोरगी लाजून उभी राहिली, तेव्हा मीच म्हणाले, "चाल बघू जरा." ती चालली. मला काही दिसलं नाही, म्हणून मी पुन्हा म्हणाले. अंगणात ऊन होतं, एप्रिलचं. अनवाणी चालली बिचारी दोनदा. पुढं नऊ वर्षं माझ्याशी एका शब्दानं वाकडं वागली नाही. मी तिला कधी विचारलं नाही की त्या दिवशी पाय भाजले का.

रसूलभाईनं हे लिहिताना मान वर केली नाही. त्याच्या बायकोला, मेहरुनबीलाही, त्याच्या आईनं असंच बघितलं होतं म्हणे.

तेल लावतो का कुणी? मिलिंदला म्हणावं, कॅमेऱ्याचं काम कमी करून पोटऱ्या चोळ.

हरणाबाई (अंगठा)


सांगली
१८ फेब्रुवारी १९९७

आज्जे, जयभीम.

काठीवर उभा राहतो. भिंतीला धरून खोलीत फिरतो. कारखाना मिलिंद आणि फोरमन बघतात.

काल रजिस्टर पत्र आलं. टाईप केलेलं, पण या वेळी सहीसकट. तिनं लिहिलंय, की वैयक्तिक कारणास्तव आपली नोकरी सोडावी लागली, आगाऊ सूचना देता आली नाही याबद्दल क्षमस्व. आता अन्यत्र अर्ज करावयाचा असल्याने अनुभवाचा दाखला मिळावा. सोबत पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडलंय. पत्ता लोणंदचाच, आईच्या घरचा.

मिलिंद म्हणतो, फाडून टाक. फौजदार म्हणाला, सही आहे पण यात गुन्हा कुठं आहे? वकील म्हणाला, "काम समाधानकारक" असं दोन ओळींत लिहा आणि मोकळे व्हा, ज्यांच्याकडं जाईल ते त्यांचं बघतील.

आज्जे, मी "समाधानकारक" लिहायला तीनदा बसलो. दिलं तर कुणाचा तरी संसार, कुणाचे तरी पाय. नाही दिलं तर ती दाखल्याशिवायही जाणारच, आणि कुणाला काही कळणार नाही. खरं लिहायचं म्हटलं तर खरं माझ्यापासून सुरू होतं. सांगलीत मला तोंड दाखवता येणार नाही. तूच सांग.

महेंद्र


रहिमतपूर
२५ फेब्रुवारी १९९७

चि. महेंद्र यास आशीर्वाद.

दाखला द्यायचा. मागितलेला दाखला अडवायचा नसतो. तोंड दाखवायचं म्हणशील, तर पाय दाखवायची वेळ आली तेव्हा तू काठी घेतलीसच ना? तशीच याला पण काहीतरी घे आणि बाहेर पड.

मी सांगते तसं कारखान्याच्या छापील कागदावर उतरव. टायपरायटर तिथंच आहे, मिलिंदला बडवायला सांग. तेवीस प्रती काढ. एक स्वप्नाला, तिनं पाठवलेल्या पाकिटात. एक लोणंदच्या त्या खिडकीतल्या शेठजींना, त्यांना हिंडता येत नाही पण वाचता येतं. आणि एकवीस त्या बायकांना, जुलैपासून ज्यांचं राहून गेलंय त्यांना, फोटोसकट. फौजदाराला गरज वाटली तर त्यानं तुझ्याकडची कार्बन प्रत वाचावी. खाली सही तुझी. डाव्या बाजूला मोकळी जागा ठेव. कागद इकडं पाठव, मी तेवीस अंगठे मारून परत पाठवते, कारण रत्नमालाचं मी केलं होतं.

रसूलभाईनं दोनदा वाचून दाखवलं. एक शब्द बदलायचा नाही.

"दाखला देण्यात येतो की, कुमारी स्वप्ना अर्जुन खरात, राहणार लोणंद, ही आमच्या कारखान्यात ऑगस्ट ते डिसेंबर १९९६ टायपिस्ट म्हणून होती. टायपिस्टची जागा नव्हती. आम्ही बायको शोधत होतो. नोकरी आहे असं सांगून आम्ही बावीस जणींना बोलावलं, त्यांचे फोटो काढले आणि प्रत्येकीला दारापर्यंत चालायला लावलं. एकवीस जणींना कळवतो म्हणालो आणि कळवलं नाही.

स्वप्ना वेळेवर येत होती. टायपिंग स्वच्छ. टपाल व्यवस्थित ठेवत होती, आमचंही तिनंच ठेवून घेतलं. खाडा नाही. तिच्या हातचा झुणका आम्ही चार महिने खाल्ला. त्यात हरभऱ्याबरोबर लाखेची डाळ होती. आता मालक काठी घेऊन चालतो. तिच्या हातचं कुणी जेवू नये.

तिला आम्ही काढलं नाही, ती स्वतः सोडून गेली.

तिच्या चालण्यात कोणतीही खोट नाही."